हाड आणि चिठ्ठी

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या वावरांतल्या तांबड्या चिकणमातीत काही दगड मिळतात. राखी-तपकिरी रंगाचे, काही लांबट, काही गोलसर, काहींच्या अंगावर पीळ पडल्यासारख्या रेघा. मोठे दगड मुठीत मावत नाहीत. हाताला दगडच लागतो, पण घडण दगडाची नाही. एखादी ओली, मऊ वस्तू जमिनीवर पडावी, तिला तळाशी चपटेपणा यावा आणि तशीच ती वाळून राहावी, असा तो आकार. हे शेण आहे. सहा-सात कोटी वर्षांपूर्वी इथे वावरणाऱ्या प्राण्यांचं, दगड झालेलं शेण.

हे दगड गोळा करून, ते कुठल्या थरात मिळाले याची नोंद करून त्यांच्याबद्दल लिहिणारा पहिला माणूस भूवैज्ञानिक नव्हता. तो नागपूरचा पाद्री होता, स्टीफन हिस्लॉप. नागपूरकरांना हे नाव कॉलेजच्या पाटीवरून पाठ आहे. शास्त्रात त्याच नावाचा एक प्राणी आहे, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. पॅरासुकस हिस्लॉपी हा सुसरीसारख्या लांब जबड्याचा, बावीस कोटी वर्षांपूर्वीचा सरपटणारा जीव. मध्य भारतातल्या जीवाश्मांचा आरंभीचा सगळा इतिहास अशाच माणसांनी घडवला आहे. त्यांच्या पगाराची नोकरी एक होती आणि जीव गुंतला होता दुसरीकडे. शिपाई, डॉक्टर, टांकसाळीतला अधिकारी, रेल्वेचा इंजिनिअर, पाद्री, हिशेबनीस. या हौशी लोकांनी हाडं शोधली, दगडातून सोडवली आणि जपली. त्यांच्यातल्या कुणाचं काम टिकलं आणि कुणाचं हरवलं, हे बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीवर ठरलं. हाडासोबत त्याच्या जागेची चिठ्ठी होती की नव्हती?

या कथेची सुरुवात नर्मदेकाठी होते. १८२८ साली जबलपूरला विल्यम स्लीमन नावाचा कंपनीचा कॅप्टन होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून पुढे गाजला तो हाच. गावाबाहेरच्या बडा शिमला टेकडीच्या परिसरात त्याला दगड झालेली हाडं मिळाली. त्यात शेपटीचे मणके होते. त्या काळात काय माहीत होतं ते लक्षात घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये मेगालोसॉरस या महाकाय सरड्याला नाव मिळून जेमतेम चार वर्षं झाली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्दच नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. म्हणजे जबलपूरचा मणका सापडला तेव्हा त्याला काय म्हणायचं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्लीमनने ती हाडं आपल्या बंगल्यात शोभेला ठेवली नाहीत, हे त्याचे उपकार. लष्करी डॉक्टर स्पिल्सबरी यांच्यामार्फत १८३२ मध्ये काही हाडं कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोचली. प्रिन्सेप टांकसाळीतले अधिकारी. पुढे अशोकाच्या लेखांतली ब्राह्मी लिपी वाचणारे तेच. म्हणजे शोधणारा शिपाई, पाठवणारा वैद्य आणि तपासणारा नाण्यांचा कस लावणारा. तिघांपैकी एकालाही या कामाचा पगार नव्हता.

असं का होतं? कारण हे काम पगार देऊन करवून घेणारी संस्थाच तोपर्यंत नव्हती. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं काम सुरू झालं १८५१ मध्ये, थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली, आणि तेही मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. त्याआधी दूरदूरच्या ठाण्यांवर नेमलेल्या लोकांजवळ तीन गोष्टी होत्या. घोडा, रिकामा वेळ आणि पायाखाली नवा प्रदेश. रस्ते खोदले जात होते, विहिरी पाडल्या जात होत्या, टेकड्या फोडून दगड काढला जात होता, आणि प्रत्येक नव्या कापात जमिनीचं पोट उघडं पडत होतं. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी आणि तिचं नियतकालिक ही या लोकांची चावडी. आपल्याला मिळालेलं तिथे कळवलं की कुणीतरी वाचणार, उत्तर देणार आणि छापणार, ही खात्री माणसाला उन्हात हिंडवते.

उत्तरेत शिवालिकच्या डोंगरांत याच सुमारास मोठी धामधूम चालली होती. कालव्यांचा इंजिनिअर प्रोबी कॉटली आणि सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख, डॉक्टर ह्यू फाल्कनर यांनी तिथून हत्ती, पाणघोडे, जिराफ, अवाढव्य कासवं अशी हाडांची रासच काढली. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलॅस्टन पदक दिलं. पण त्या डोंगरातल्या लोकांना ती हाडं आधीपासून माहीत होती. ते त्यांना राक्षसांची हाडं म्हणत. फिरोजशहा तुघलकाच्या कालव्याच्या खोदकामात प्रचंड हाडं निघाल्याची नोंद इतिहासकार फिरिश्ताने करून ठेवली आहे. शोध लागला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुणा गुराख्याने किंवा बेलदाराने बोट दाखवलेलं असतं. त्यांची नावं कागदावर आली नाहीत. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. चिठ्ठीवर गावाचं नाव आलं, साहेबाचं आलं, आणि ज्याच्या नजरेला ते हाड पहिल्यांदा पडलं त्याचं राहून गेलं.

आता मुंबईकडे थोडं वळू. वरळीच्या टेकडीत, काळ्या कातळाच्या खाली, काळपट पातळ शेलचे थर आहेत. लाव्हारसाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तिथे उथळ दलदल होती आणि तिच्या तळाशी साचलेल्या गाळाचे हे पापुद्रे झाले. त्यांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे निघाले. जॉर्ज क्लार्क नावाचा इंजिनिअर तेव्हा मुंबईच्या रेल्वेच्या आखणीत होता. त्याच्या मुंबईविषयीच्या लेखाला पुस्ती म्हणून १८४७ मध्ये ओवेन यांनी या बेडकाचं वर्णन छापलं आणि त्याला ‘राना पुसिला’, म्हणजे अगदी लहानसा बेडूक, असं नाव दिलं. पुढे १९३० मध्ये तो ‘इंडोबॅट्रॅकस’ झाला. त्याच वरळीच्या थरातलं एक गोड्या पाण्यातलं कासव डॉक्टर लीथ यांच्या नावाने ओळखलं जातं. मुंबईचं भूशास्त्र सविस्तर लिहिणारे हेन्री कार्टर हेही डॉक्टरच.

या बेडकांवरून ‘हाड सोडवणं’ म्हणजे काय ते नीट कळतं. शेलचा दगड पुस्तकासारखा असतो. पापुद्र्यांच्या फटीत पातळ पातं धरून हलकेच ठोकलं की पान उघडतं, आणि नशीब असलं तर उघडलेल्या पानावर मागच्या पायांच्या काडीसारख्या हाडांची घडी दिसते. पण सांगाडा नेमका मधून उलगडतो. अर्धी हाडं एका पानाला चिकटून राहतात, उरलेल्यांचा ठसा समोरच्या पानावर. नवखा माणूस चांगलं दिसतं ते पान ठेवतो आणि दुसरं फेकतो. जाणकार दोन्ही ठेवतो, दोहोंवर एकच खूण करतो.

चुनखडीतलं किंवा वाळूच्या दगडातलं हाड हा वेगळाच प्रकार. तिथे छिन्नी हाडाच्या दिशेने चालवायची नसते, हाडापासून बाहेरच्या बाजूला चालवायची असते, म्हणजे हात घसरला तरी दगडच उडतो. हाडाजवळ आलं की छिन्नी ठेवून दाभण घ्यायचं. हाड आहे की नुसता रंगीत दगड, अशी शंका आली तर जुने लोक तुकडा जिभेला लावून पाहत. हाडाची बारीक छिद्रं ओल शोषतात आणि तुकडा जिभेला चिकटतो. तुटलेले कण कागदाच्या पुडीत बांधायचे, सरस, डिंक किंवा लाखेने सांधायचे. प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट गुंडाळून अख्खा ठोकळा उचलायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या हाडं शोधणाऱ्यांकडून रूढ झाली. आपल्या कथेतल्या पहिल्या माणसांजवळ ती नव्हती.

हिस्लॉप नागपूरला आले ते १८४५ मध्ये. स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला होता. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघालं, आणि हिस्लॉप त्या नव्या चर्चचे मिशनरी. या तपशिलाला महत्त्व आहे. त्या चर्चच्या बाजूने लढणाऱ्या वर्तमानपत्राचे संपादक होते ह्यू मिलर. हा माणूस मूळचा पाथरवट. खाणीत दगड फोडता फोडता त्यांना चिलखती मासे सापडले, आणि त्यांवर त्यांनी १८४१ मध्ये लिहिलेलं पुस्तक घराघरांत वाचलं गेलं. ज्या मंडळींचा पुढारी संपादक स्वतः दगडांतले मासे हुडकतो, तिथल्या तरुण पाद्र्याने दगड फोडले तर त्यात वावगं काही नव्हतं. देवाची सृष्टी वाचणं हा उपासनेचाच भाग, अशी त्यांची धारणा होती.

नागपूर तेव्हा भोसल्यांचं होतं. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, वारस नाही असं म्हणत डलहौसीने राज्य खालसा केलं. या उलथापालथीच्या वर्षांतच हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर शाळा चालवत, कामठी-सीताबर्डी करत, उरल्या वेळात टेकड्या धुंडाळत होते. टाकळी तेव्हा गावाबाहेर होती. आज ते नागपूरच झालं आहे. १८५१ मध्ये तिथल्या काळ्या दगडांच्या दोन थरांमधल्या पातळ पट्टीत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख मिळाले आणि दोघे त्या पट्टीचा माग काढत सुटले. त्या टीचभर जाडीच्या थरातून शंख, फळं, बिया, भुंग्यांचे पंख, हाडांचे तुकडे निघत राहिले. आधी मॅल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरने याच प्रदेशातले शंख नोंदवले होते, पण गावोगाव फिरून थर जुळवायचं काम या दोघांनी केलं.

सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर कसा बसला आहे हे उघड दिसतं. नागपूरच्या पायाखाली इतिहासाची इतकी पानं एकत्र असणं हा भाग्याचा भाग. पश्चिमेला काळा कातळ, उत्तरेला कामठीचा वाळूचा दगड आणि त्यातली पानं, दक्षिणेला वर्धा-प्राणहितेच्या खोऱ्यात त्याहून जुने-नवे तांबडे थर. घोड्यावरून चार दिवस गेलं की दहा-वीस कोटी वर्षांचा फरक पडतो. पाद्र्याचं काम गावोगाव फिरण्याचंच. मिशनचा दौरा आणि दगडांचा दौरा एकाच वाटेने व्हायचा.

दक्षिणेच्या या वाटेवरच्या मांगली गावच्या दगडात एक कवटी निघाली. रुंद, चपटी, बेडकासारखी, पण बेडकापेक्षा कितीतरी मोठी आणि डोळ्यांची भोकं पुढच्या बाजूला. ती लंडनला गेली. १८५५ मध्ये ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिलं. साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा हा उभयचर. एका गावच्या दगडातली एक कवटी, पण तिच्या नावावरून त्या प्रकारच्या प्राण्यांच्या अख्ख्या कुळाला नाव मिळालं. मांगलीच्याच दगडात मसुराच्या डाळीएवढ्या शिंपल्यांचे ठसे होते. शिंपल्यासारखे दिसणारे ते खरं म्हणजे चिमुकले कवचधारी जीव. १८६२ मध्ये त्यांना गावाचंच नाव मिळालं, ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’. एका खेड्याचं नाव असं लॅटिन होऊन जगाच्या यादीत बसलं.

त्याच सालच्या, म्हणजे १८५५ च्या, जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा लेख आला. गाव, नाला, टेकडी, वरचा थर, खालचा थर, आणि त्या थरात काय मिळालं, असा त्याचा बाज. हंटर त्याच वर्षी परतले, हिस्लॉप राहिले. प्राणहितेपलीकडच्या मालेरीहून त्यांनी फुप्फुसमाशांचे विचित्र दात पाठवले. पाठीला कंगोरे असलेले हे पत्र्यासारखे दात ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये वर्णिले आणि दोन जातींना दोघा मित्रांची नावं दिली, ‘सेराटोडस हिस्लॉपियानस’ आणि ‘सेराटोडस हंटेरियानस’.

मालेरीची दुसरी हाडं मला फार ओढ लावतात. ओबडधोबड डुकराएवढा, पोपटासारख्या चोचीचा एक सरपटणारा प्राणी. स्कॉटलंडच्या उत्तरेला एल्गिनजवळच्या वाळूच्या दगडातून असाच प्राणी निघाला होता, आणि तो मिळवणाऱ्यांत एक जॉर्ज गॉर्डन होते, बर्नी गावचे पाद्री. थॉमस हक्सली यांनी १८५९ मध्ये त्याला ‘हायपरोडॅपेडॉन गॉर्डोनी’ म्हटलं. दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, मध्य भारतातल्या हाडांतही तोच प्राणी त्यांना ओळखू आला. एक स्कॉटिश पाद्री मायदेशात आणि दुसरा नागपूरच्या दक्षिणेला, दोघांच्या हाताखालचे दगड एकाच काळाचे होते. हे कळलं तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते.

१८६० च्या लेखात त्यांनी काळ्या दगडाशी संबंधित थरांचं पुन्हा सविस्तर वर्णन केलं. पिसदुऱ्याची हाडं आणि शेणाचे दगड तिथे येतात. कुणी ‘शेणाला काय लिहायचं’ म्हणून सोडूनही दिलं असतं. हिस्लॉप यांनी सोडलं नाही. त्यांची ही नजर केवळ दगडांपुरती नव्हती. गोंड लोकांची गाणी, लिंगोची गाथा त्यांनी ऐकून उतरवून घेतली, आणि शब्द कुठल्या बोलीतले ते टिपलं. गाणं असो की गोगलगाय, त्यांची रीत एकच, कुणाकडून आणि कुठून मिळालं ते आधी लिहायचं. ते धर्मप्रसाराला आले होते, राज्यकर्त्यांच्या आश्रयाने राहत होते, हे झाकायचं कारण नाही. त्यांच्या कामाची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते बोरीजवळच्या टाकळघाटला गेले. तिथल्या माळावरची प्राचीन शिलावर्तुळं पाहायची होती. परतताना सोबतची मंडळी पुढे होती, हिस्लॉप मागे. पावसाळ्याचे दिवस. सकाळी सहज ओलांडलेल्या नाल्याला संध्याकाळी पूर आला होता. त्यांचा घोडा मोकळा परतला. ४ सप्टेंबरची ही घटना. वय सेहेचाळीस पुरं व्हायला चार दिवस बाकी होते. त्यांच्या मागे राहिलेले आदिवासींविषयीचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले. ज्या वर्षी हिस्लॉप गेले त्याच वर्षी नागपूरला संग्रहालय उघडलं. लोक त्याला अजब बंगला म्हणू लागले.

पुढची वर्षं पगारी लोकांची. हौशी लोकांनी धाडलेली हाडं सर्व्हेच्या आणि लंडनच्या संग्रहात साचली होती, आणि रिचर्ड लिडेकर यांनी त्यांना एकामागून एक नावं दिली. १८७७ मध्ये स्लीमनच्या मणक्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव मिळालं. सापडल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी. हा शेपटीचा मणका पुढून वाटीसारखा खोलगट आणि मागून चेंडूसारखा फुगीर असतो. एकाचा चेंडू त्याच्या मागच्याच्या वाटीत बसतो, अशी शेपूट गुंफलेली. या रचनेवरून लिडेकर यांना हा प्राणी वेगळा वाटला, आणि आज जगभर टायटॅनोसॉर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवाढव्य शाकाहारी प्राण्यांचं कुलनाव जबलपूरच्या या हाडावरून आलं आहे. १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी’ ही दुसरी जात झाली आणि १८८५ मध्ये मालेरीचा पॅरासुकस हिस्लॉपी.

या नावांकडे पाहिलं की समाधान वाटतं, पण हळहळही वाटते. हाडं बोटीने गेली. मांगलीची कवटी पाहायची तर लंडनला जावं लागतं. इथल्या मुलांना आपल्या गावच्या प्राण्याचं नाव कळायला शतक लागलं, आणि अजूनही बहुतेकांना कळलेलं नाही. असं असलं तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जी हाडं तिथे गेली ती जागेच्या नोंदीसह टिकली, आणि इथे राहिलेल्यांपैकी बरीच हरवली.

हरवण्याची गोष्ट चार्ल्स मॅटली यांच्यापर्यंत येते. मॅटली सरकारच्या हिशेब खात्यातले अधिकारी. दिवसा जमाखर्च, सुट्टीत दगड. १९१७ पासून त्यांनी जबलपूरला बडा शिमला टेकडीचा पुन्हा कसून शोध घेतला. सर्व्हेचे दुर्गाशंकर भट्टाचार्जी त्यांच्या बरोबरीने होते. स्लीमनच्या नोंदीत टेकडी होती, पण हाड नेमकं कुठल्या थरातलं हे नव्हतं. मॅटली यांनी थर मोजले, हाडांच्या जागांना क्रम दिले. हिशेबनीसाची शिस्त खोदकामात उतरली. मांसाहारी डायनोसॉरची हाडं निघाली, ‘लॅमेटासॉरस’ हे नाव त्यांनी स्वतः १९२३ मध्ये दिलं. सेवानिवृत्तीनंतर, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, १९३२-३३ च्या हिवाळ्यात ते पुन्हा जबलपूर आणि पिसदुऱ्याला आले. जर्मन तज्ज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांच्याबरोबरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. त्यातला ‘इंडोसॉरस मॅटलेयी’ त्यांच्या नावाचा.

यातली काही महत्त्वाची हाडं पुढे कलकत्त्याच्या संग्रहात मिळेनाशी झाली. लॅमेटासॉरसची मूळ हाडं, इंडोसॉरसची कवटी, यांची चित्रं आणि वर्णनं उरली, वस्तू नाही. स्लीमनचे मणकेही असेच गायब झाले होते. जबलपूरच्या उन्हात टिकलेलं हाड कपाटात हरवावं, ही गोष्ट मनाला लागते. जमिनीत हाड आपोआप टिकतं. कपाटात ते टिकवायला कुणाला तरी दर काही वर्षांनी कप्पा उघडून, पुसून, चिठ्ठी वाचून, पुसट झाली असेल तर पुन्हा लिहून ठेवावी लागते. हे काम कुणाच्याही नावाने ओळखलं जात नाही.

२०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांनी कोलकात्यातल्या सर्व्हेच्या संग्रहातली जुनी हाडं तपासायला घेतली. अमेरिकेतले जेफ्री विल्सन या शोधात त्यांच्या बरोबर होते. लिडेकर यांची वर्णनं आणि चित्रं ताडून पाहताना स्लीमनच्या मणक्यांपैकी एक त्यांना ओळखू आला. पुढून वाटी, मागून चेंडू. भारतातला पहिला डायनोसॉर एकशे चौऱ्याऐंशी वर्षांनी पुन्हा सापडला, तोही टेकडीत नव्हे, आपल्याच कोठारात.

पिसदुऱ्याच्या शेणाचा प्रवास मात्र अखंड राहिला. हिस्लॉप यांनी जागा लिहून ठेवली होती, मॅटली तिथे गेले, आणि १९३९ मध्ये त्यांनी त्या शेणगोळ्यांवर स्वतंत्र लेख लिहून त्यांचे प्रकार पाडले. सुबक आणि पीळदार कोणते, मोठे आणि ओबडधोबड कोणते, याची वर्गवारी केली. पुढच्या पिढ्यांच्या भारतीय अभ्यासकांना त्याच वावरांत, त्याच थरात, त्याच प्रकारचे दगड मिळत राहिले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांतले मोठे गोळे आम्लात विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. झाडाच्या पेशींत सिलिकाचे जे कण घडतात ते शेणातही शाबूत राहतात, आणि प्रत्येक वनस्पतिकुळाच्या कणाचा घाट वेगळा असतो. ताडाचे, सूचिपर्णी झाडांचे कण दिसले. आणि गवताचे दिसले.

डायनोसॉरांच्या काळात गवत असं नव्हतंच, असा समज तोवर पक्का होता. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोध छापून आला. किमान पाच प्रकारची गवतं त्या शेणात होती, म्हणजे टायटॅनोसॉर गवत चरत होते. आणखी सहा वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच अभ्यासातून पुढचं उत्तर आलं. त्या गवतांत काही कण भाताच्या कुळाचे होते.